मुसळधार पाऊस व गडगडाटी वादळ यांचे इशारे, कोकण किनाऱ्यावरील

एखाद्या प्रदेशात ठराविक कालावधीत जीवितास, मालमत्तेस किंवा वाहतुकीस धोका पोहोचेल इतका पाऊस, सोसाट्याचा वारा, विजा अथवा गारपीट होण्याचा संभव असल्यास वातावरणविज्ञान खात्याकडून शासनास व जनतेस जी आगाऊ सूचना देण्यात येते, तिला इशारा म्हणतात. हवामानाच्या दैनंदिन अंदाजात वातावरणाच्या अपेक्षित स्थितीचे वर्णन असते. इशाऱ्यात त्या स्थितीपासून उद्‌भवणाऱ्या धोक्याचा निर्देश असतो. प्रत्येक इशाऱ्यात क्षेत्र, कालावधी, तीव्रता व शक्यता ही चार अंगे असतात. त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाल्यास इशाऱ्याचा अर्थ बदलतो. इशारा म्हणजे घटना निश्चित घडेल अशी हमी नव्हे. ती घडण्याची शक्यता इतकी आहे, की तिच्यासाठी तयारी न करणे धोक्याचे ठरेल, एवढाच त्याचा आशय असतो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्राचा किनारा व त्याच्याशी हवामानदृष्ट्या संबंधित असलेला अंतर्भाग यांच्या संदर्भात या इशाऱ्यांचे स्वरूप, तंत्र व मर्यादा यांचा विचार केला आहे.

नैसर्गिक पार्श्वभूमी : कोकण ही अरबी समुद्र व सह्याद्री यांच्या दरम्यानची अरुंद पट्टी आहे. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळात समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा सह्याद्रीच्या उतारावर आदळून वर चढते, थंड होते व तिच्यातील बाष्पाचा पाऊस पडतो. हा क्रम संपूर्ण मोसमभर चालू असतो. परंतु धोकादायक पाऊस पडण्यास आणखी काही कारणे एकत्र यावी लागतात. किनाऱ्याला समांतर अशी कमी दाबाची द्रोणी तयार होणे, तिच्यात छोटे भोवरे निर्माण होणे, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारताकडे सरकल्याने पश्चिमी वारे प्रबळ होणे, तसेच गुजरात व उत्तर कोकण यांच्या किनाऱ्याजवळ काही किमी. उंचीवर चक्राकार अभिसरण निर्माण होणे ही त्यांपैकी प्रमुख होत. शेवटच्या प्रकारातील चक्रवाताचा सविस्तर अभ्यास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६३ साली मिळालेल्या निरीक्षणांवरून झाला. [→ मॉन्सून वारे].

गडगडाटी वादळांचा काळ याहून वेगळा आहे. ती मुख्यत्वे मॉन्सूनच्या आधी, एप्रिल–मेमध्ये (वळवाचा पाऊस) आणि मॉन्सून परतताना, सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरमध्ये होतात. या दिवसांत जमिनीलगतची हवा तापलेली व दमट असते, तर उंचावरील हवा तुलनेने थंड व कोरडी असते. अशा अस्थिर स्थितीत हवेचे प्रबळ ऊर्ध्व प्रवाह निर्माण होऊन गर्जन्मेघ दहा ते पंधरा किमी. उंचीपर्यंत वाढतात. ढगातील हिमकण व मृदू गारा यांच्या टकरींमुळे विद्युत् भार अलग होतात आणि विजा चमकतात. ढगातून खाली झेपावणारी थंड हवा जमिनीवर पसरली, की एकाएकी सोसाट्याचा वारा सुटतो. ऐन मॉन्सूनमध्ये किनाऱ्यावर पुष्कळसा पाऊस कमी उंचीच्या ढगांतून पडत असल्याने विजा कमी दिसतात. मात्र त्यास अपवाद घडतात व ते बहुधा अत्यंत विनाशक असतात.

इतिहास : मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. भारतात वादळांचे इशारे देण्याची व्यवस्था प्रथम बंदरांसाठी झाली. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यास चक्री वादळाने मोठी प्राणहानी केल्यानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी इशारे सुरू झाले. भारतीय वातावरणविज्ञान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि १८८० च्या सुमारास मुंबईसह पश्चिम किनाऱ्यावरील काही बंदरे या व्यवस्थेत आली. निरनिराळ्या बंदरांवरील भिन्न पद्धतींच्या जागी १८९८ मध्ये सर्व बंदरांसाठी अकरा बावट्यांची एकच पद्धत लागू करण्यात आली. दिवसा शंकू व दंडगोल यांच्या आकृती आणि रात्री लाल व पांढरे दिवे बंदरातील उंच खांबावर चढवून हे संकेत देण्यात येतात. ‘तीन नंबरचा बावटा’ हा कोकणातील बोलीत रुळलेला शब्दप्रयोग याच पद्धतीतून आला. अशा रीतीने इशाऱ्यांचा पहिला ग्राहक जहाजाचा कप्तान होता. शेतकरी, नागरी रहिवासी व डोंगरउतारावरील वस्त्या यांचा समावेश पुढे क्रमाक्रमाने झाला.

मुंबईच्या कुलाबा येथील प्रादेशिक हवामान केंद्राकडून कोकण–गोवा व मध्य महाराष्ट्र या उपविभागांतील जिल्ह्यांसाठी इशारे प्रसृत केले जातात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानंतर राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे निर्माण झाली व इशारा मिळाल्यानंतर करावयाच्या कारवाईची जबाबदारी त्यांच्यावर आली.

परिभाषा : पर्जन्यमापनाचा दिवस सकाळी ८·३० पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८·३० पर्यंत धरला जातो. या २४ तासांत एखाद्या केंद्रावर ६४·५ ते ११५·५ मिमी. पाऊस झाल्यास तो मुसळधार, ११५·६ ते २०४·४ मिमी. झाल्यास अतिमुसळधार व त्याहून अधिक झाल्यास अत्यंत मुसळधार गणला जातो. १ मिमी. पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे ध्यानात घेतल्यास या आकड्यांची व्याप्ती कळते. महाराष्ट्रात महसुली कामकाजात मात्र २४ तासांत ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाल्यास त्या मंडळात ‘अतिवृष्टी’ झाली असे मानतात. त्यामुळे महसुली अहवालातील अतिवृष्टी व हवामान केंद्राच्या इशाऱ्यातील सर्वोच्च वर्ग या एकच गोष्टी नव्हेत.

पावसाच्या विस्तारासाठीही ठराविक शब्द आहेत. उपविभागातील २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असल्यास ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के केंद्रांवर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर ‘बऱ्याच ठिकाणी’ व त्याहून अधिक केंद्रांवर ‘बहुतेक ठिकाणी’ असे म्हणतात. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ या वाक्याचा अर्थ पाऊस थोडा पडेल असा नसून, थोड्याच ठिकाणी परंतु फार मोठा पडेल असा आहे.

गडगडाटी वादळांचे वर्गीकरण वाऱ्याच्या झोतांच्या वेगावरून करतात. ताशी ४० किमी.पर्यंतचे झोत असलेले वादळ सौम्य, ४१ ते ६१ किमी. झोतांचे मध्यम, ६२ ते ८७ किमी. झोतांचे तीव्र व त्याहून अधिक वेगाच्या झोतांचे अतितीव्र समजतात. वाऱ्याचा वेग एकाएकी ताशी किमान २९ किमी.ने वाढून ४० किमी. किंवा अधिक झाला व निदान एक मिनिट टिकला, तर त्यास चंडवात म्हणतात.

रंगसंकेत : इशाऱ्याचे महत्त्व एका दृष्टिक्षेपात समजावे म्हणून चार रंग वापरण्यात येतात. हिरव्या रंगात कोणत्याही कारवाईची गरज नसते. पिवळा रंग परिस्थितीवर लक्ष ठेवण्यास, नारिंगी रंग सज्ज राहण्यास व लाल रंग प्रत्यक्ष कृती करण्यास सांगतो. रंग केवळ पावसाच्या अपेक्षित मिलिमीटरवरून ठरत नाही. घटनेची शक्यता व तिचा संभाव्य परिणाम यांचा एकत्र विचार करून तो ठरवितात. जमीन आधीच भिजलेली असल्यास, नद्या भरलेल्या असल्यास किंवा वस्ती दाट असल्यास तेवढ्याच पावसाचा परिणाम अधिक होतो. यास परिणामाधिष्ठित अंदाज म्हणतात. लाल रंगाचा अर्थ आपत्ती ओढवली असा नाही. ती ओढवण्यापूर्वी हालचाल करण्याची वेळ आली असा आहे.

तंत्र व आगाऊ अवधी : इशारा किती आधी देता येईल, हे मुख्यतः त्या घटनेच्या आकारमानावर व आयुष्यावर अवलंबून असते. कमी दाबाचे क्षेत्र शेकडो किमी. पसरलेले असून काही दिवस टिकते. म्हणून संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने जिल्हावार पावसाचे इशारे काही दिवस आधी देता येतात. या प्रतिमानांत वातावरणाचे लहान लहान चौकोनांत विभाजन करून भौतिकीच्या समीकरणांनी पुढील स्थिती काढली जाते. मे २०२५ मध्ये भारतात सु. ६ किमी. विभेदनाचे जागतिक प्रतिमान कार्यवाहीत आणण्यात आले. याउलट एकट्या गर्जन्मेघाचे आयुष्य अर्धा ते एक तास व विस्तार काही किमी. असतो. त्याचे नेमके स्थान आदल्या दिवशी सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्या जिल्ह्यात गडगडाटी वादळांना अनुकूल स्थिती राहील एवढेच सांगता येते. पुढील दोन-तीन तासांसाठी दिलेला सद्यःकालीन इशारा हाच अशा वेळी खरा उपयोगी पडतो.

सद्यःकालीन इशारा निरीक्षणांवर आधारलेला असतो. डॉप्लर रडार ढगांतील जलबिंदूंवरून परावर्तित होणाऱ्या सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने पावसाचे स्थान व तीव्रता यांबरोबरच ढगांतील वाऱ्याचा वेगही मोजते. मुंबईत कुलाबा येथे असे रडार असून जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळील वेरावली येथे दुसरे रडार कार्यान्वित झाले. गोव्यातही डॉप्लर रडार आहे. इन्सॅट-३डी (२०१३), इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) या भूस्थिर उपग्रहांच्या मालिकेमुळे समुद्रावरील ढगांची छायाचित्रे थोड्या थोड्या वेळाने मिळू लागली. विजांच्या स्थाननिश्चितीसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेने संवेदकांचे जाळे उभारले असून त्याची माहिती ‘दामिनी’ या भ्रमणध्वनीवरील प्रणालीद्वारे मिळते.

मुंबईतील २००५ ची अतिवृष्टी : इशाऱ्यांच्या मर्यादा व त्यांची गरज या दोन्ही गोष्टी २६ जुलै २००५ च्या घटनेने स्पष्ट केल्या. २७ जुलैच्या सकाळी ८·३० ला संपलेल्या २४ तासांत मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर दक्षिणेस वीस-बावीस किमी.वरील कुलाबा केंद्रावर केवळ ७३ मिमी. पडला. यापूर्वी कुलाबा येथे ५ जुलै १९७४ रोजी ५७५·६ मिमी. पाऊस नोंदलेला होता. सांताक्रूझच्या नोंदीने तो आकडा फार मागे टाकला. सांताक्रूझला सकाळी जवळजवळ पाऊस नव्हता. दुपारी २·३० नंतरच्या काही तासांत मात्र सु. ४८० मिमी. पाऊस झाला. शहरातील जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी सु. २५ मिमी. पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. त्याच सुमारास समुद्रास भरती असल्याने मिठी नदीचे पाणी उतरू शकले नाही. उपनगरी रेल्वे ठप्प झाली व लाखो लोक रस्त्यांवर अडकले. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. राज्यातील मृतांची संख्या एक हजाराहून अधिक होती.

कोकणात मोठा पाऊस होण्यास अनुकूल स्थिती असल्याचे त्या वेळी दिसत होते. परंतु तो शहराच्या एका भागात इतक्या थोड्या वेळात केंद्रित होईल, हे तत्कालीन प्रतिमानांना दाखविता आले नाही. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हते. तासातासाचा पाऊस सांगणारी स्वयंचलित पर्जन्यमापके अपुरी होती. शासनाने नेमलेल्या माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा अहवाल २००६ मध्ये सादर झाला. नंतरच्या काळात महानगरपालिकेने प्रभागांत स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली, डॉप्लर रडार उभारले गेले आणि १२ जून २०२० रोजी पाऊस, भरती व जमिनीचा उतार यांची सांगड घालून पाणी कोठे साचेल याचा अंदाज देणारी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही एकात्मिक पूर इशारा प्रणाली सुरू झाली.

सागरी इशारे : मच्छीमारांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांत वाऱ्याचा वेग, झोत व समुद्राची स्थिती यांचा उल्लेख असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. त्यामुळे खरा धोका मॉन्सूनपूर्व व मॉन्सूनोत्तर काळात अधिक असतो. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्री वादळ दोन-तीन दिवसांत तीव्र होऊन ११ नोव्हेंबरला मुंबई–अलिबाग किनाऱ्यावर आले, तेव्हा खोल समुद्रातील कित्येक नौका परतू शकल्या नाहीत. परतीच्या प्रवासास लागणारा वेळ हा सागरी इशाऱ्याच्या उपयुक्ततेचा निकष आहे. नौका दोन दिवसांच्या अंतरावर असल्यास एक दिवस आधीचा इशारा अपुरा ठरतो. चक्री वादळांसाठी म्हणूनच ७२ तास, ४८ तास, २४ तास व १२ तास आधी अशा क्रमाने वाढत्या निकडीचे चार टप्पे ठरविलेले आहेत. [→ चक्री वादळे].

अंतर्भागाशी संबंध : किनाऱ्यावरील हवामानाचा परिणाम किनाऱ्यावरच संपत नाही आणि अंतर्भागातील पाऊसही तेथेच राहत नाही. नंदुरबार जिल्हा खंबायतच्या आखातापासून दीडशे किमी.च्या आसपास आत, तापीच्या खोऱ्यात आहे. त्याच्या शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर ही सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली वसाहत आहे. या भागाचा वार्षिक पाऊस कोकणाच्या तुलनेत कितीतरी कमी आहे. त्यामुळे कोकणात नित्याचा वाटणारा १०० मिमी. पाऊस येथे ओढ्या-नाल्यांना पूर आणू शकतो. वर्गवारीचे आकडे देशभर एकच असले, तरी त्यांचा अर्थ स्थानानुसार बदलतो तो असा. एप्रिल–मेमधील गडगडाटी वादळांचे वारे या परिसरातील केळी व पपई यांच्या उभ्या बागा आडव्या करतात. अशा पिकांना अर्ध्या तासाचा इशारा वाचवू शकत नाही. शेतात काम करणाऱ्या माणसास मात्र तो वाचवू शकतो.

नदीकाठच्या गावांना तर स्वतःकडे पाऊस नसतानाही इशारा आवश्यक असतो. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर ते पाणी दीडशे किमी.हून अधिक अंतर कापून शहादा तालुक्यातील सारंगखेडा व प्रकाशा येथील बंधाऱ्यांपर्यंत पोहोचते. त्याआधी बंधाऱ्यांची दारे उघडणे व काठावरील लोकांना सावध करणे आवश्यक असते. प्रकाशा येथे शहाद्याकडून येणारी गोमाई नदीही तापीस मिळते. तेच पाणी पुढे उकाई जलाशयात व अखेरीस सुरतच्या किनाऱ्याकडे जाते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पाणलोट क्षेत्रातील मोठ्या पावसामुळे उकाई धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पावसाचा इशारा व पुराचा इशारा हे भिन्न असून दुसरा केंद्रीय जल आयोग व पाटबंधारे यंत्रणा यांच्या निरीक्षणांवर अवलंबून असतो.

मर्यादा : इशाऱ्यांत दोन प्रकारच्या चुका संभवतात. इशारा असूनही घटना न घडणे ही एक व घटना घडूनही इशारा नसणे ही दुसरी. एक कमी करू गेल्यास दुसरी वाढते. दुसऱ्या चुकीची किंमत मनुष्यहानीत मोजावी लागत असल्याने पहिली काही प्रमाणात पत्करली जाते. परंतु नारिंगी इशाऱ्यामुळे शाळा बंद ठेवाव्यात आणि दिवसभर ऊन पडावे, असे वारंवार घडल्यास लोकांचा विश्वास उडतो. इशाऱ्यातील क्षेत्र व शक्यता यांचा अर्थ समजावून सांगणे हाच त्यावरचा उपाय होय. जिल्ह्यात अन्यत्र झालेला पाऊस आपल्या गावी न झाल्याने इशारा खोटा ठरत नाही.

दुसरी मर्यादा शेवटच्या दुव्याची आहे. जुलै २०२१ मध्ये कोकणास मुसळधार पावसाचे इशारे देण्यात आलेले होते. २२ जुलैस वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले व महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिमी. पाऊस नोंदला गेला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली गेली. जिल्ह्यास दिलेला इशारा डोंगराचा कोणता उतार घसरेल हे सांगत नाही. ते अगोदर झालेल्या भूवैज्ञानिक पाहणीवरून, सलग दिवसांच्या पावसाच्या बेरजेवरून आणि जमिनीस पडलेल्या भेगांसारख्या स्थानिक लक्षणांवरून ओळखावे लागते. धोक्याची वस्ती, तिचे स्थलांतराचे ठिकाण व रात्रीच्या वेळी निरोप नेणारी व्यक्ती आधीच ठरलेली नसेल, तर अचूक इशाराही निष्फळ होतो.

इशारे आकाशवाणी, दूरचित्रवाणी, वृत्तपत्रे व जिल्हा नियंत्रण कक्ष यांच्याद्वारे पोहोचविले जातात. अलीकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ व्यवस्थेतून विवक्षित क्षेत्रातील भ्रमणध्वनींवर स्थानिक भाषेत संदेश पाठविता येतात. तरीही दुर्गम पाड्यांवर दवंडी, ध्वनिक्षेपक व पोलीस पाटील यांचे महत्त्व कमी झालेले नाही.

विजेच्या बाबतीत निसर्गही इशारा देतो. ध्वनीस १ किमी. अंतर कापण्यास सु. ३ सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेल्यास वादळ १० किमी.च्या आत आहे असे समजून पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात जावे. एकट्या झाडाखाली, उघड्या शेतात किंवा पाण्यात थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतितीव्र पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सु. तिपटीने वाढल्याचे पुण्यातील शास्त्रज्ञांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हवा तापत गेली, की तिची बाष्पधारणक्षमता वाढते, हे त्यामागील एक भौतिक कारण होय. त्यामुळे इशाऱ्यांची गरज पुढील काळात वाढणार आहे. रडार, उपग्रह व प्रतिमाने यांच्या सुधारणेने इशाऱ्यांचा आगाऊ अवधी काही तासांनी वा दिवसांनी वाढविता येतो. मिळालेल्या त्या अवधीचा उपयोग मात्र किनाऱ्यावरील बंदरात, नदीकाठच्या गावात व डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतच व्हावा लागतो.